साडेसहा मिलिमीटरांची उन्नती

पुण्याच्या नाना पेठेत सुट्या भागांची दुकाने दाटीवाटीने उभी आहेत. त्यांच्यासमोर नवी मोटार लावून खाली उतरलेला गृहस्थ आणि लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायला निघालेला वधूपिता यांच्या मुद्रेत मला आजवर फरक करता आलेला नाही. खर्च होणार हे दोघांनीही मनोमन पत्करलेले असते, मात्र काटकसर करीत असल्याचा आव दोघांनाही शेवटपर्यंत सोडवत नाही. आमच्या मेहुण्यांनी आपल्या नव्या कोऱ्या एसयूव्हीत ‘अगदी थोडी सुधारणा’ करण्याचा संकल्प सोडला आणि त्या सुधारणेची परीक्षा घेण्यासाठी भर पावसाळ्यात ताम्हिणी घाटाने हरिहरेश्वरास जाण्याची तजवीज केली, तेव्हा मागच्या आसनावरील साक्षीदार म्हणून माझी नेमणूक झाली.

ही मोटार मुळात सरकारी हिशेबाने लहान. 2006 च्या अर्थसंकल्पाने चार मीटरांच्या मर्यादेतील आणि बेताच्या इंजिनाच्या गाड्यांना अबकारी करात सवलत दिली, आणि पुढे या वर्गातील कित्येक गाड्या 3995 मिलिमीटरांवर येऊन अदबीने थांबू लागल्या. उरलेले पाच मिलिमीटर म्हणजे खजिन्याला केलेला मुजरा. परंतु कर भरताना लहान आणि सोसायटीच्या फाटकातून आत शिरताना मोठी, अशी दुहेरी जहागीर उपभोगण्याची आकांक्षा मालकाच्या अंतःकरणात वसत असते, आणि नाना पेठेचा अर्धा व्यापार तिच्यावरच चालतो.

मेहुणे कायद्याला भिऊन वागणारे. नोंदणीपुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करण्यास 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाची मनाई आहे, काचांवरील काळ्या फिल्मचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2012 सालीच लावला आहे, आणि पुढचे लोखंडी बुल गार्ड केंद्र सरकारने 2017 च्या अखेरीस बेकायदा ठरवले आहे, ही सर्व माहिती त्यांनी दुकानदाराला ऐकवली. त्यानेही ती विड्याच्या रसासह शांतपणे गिळून, ‘‘साहेब, आपण वायरसुद्धा कापत नाही, सगळं कपलर-टू-कपलर,’’ एवढेच उत्तर दिले. मग शंखाकृती हॉर्नची जोडी आली, दारांवर पावसाळी व्हायझर आले, चारी चाकांमागे मडफ्लॅप आले, धुक्याच्या दिव्यांत पिवळे बल्ब आले, आणि आसनांवर चामड्याचा भास उत्पन्न करणारी कव्हरे चढली. आसनाच्या कुशीतील एअरबॅग फुटण्यास वाट हवी, म्हणून त्या जागची शिलाई निराळी असते. ती मेहुण्यांनी मला बोटाने चाचपायला लावली, आणि ती खरोखरच निराळी होती.

तथापि या साऱ्या वैभवाचा मुकुटमणी म्हणजे टायर. मूळच्या 195/65 आर 15 च्या जागी त्यांनी 205/65 आर 15 बसवले. यातील 65 म्हणजे रुंदीच्या मानाने टायरच्या भिंतीची शेकडेवारी. तेव्हा रुंदी दहाने वाढली की भिंत साडेसहा मिलिमीटरांनी वाढते, आणि गाडी तेवढीच जमिनीपासून वर उचलली जाते. ‘‘भाऊजी, फरक जाणवतोय ना?’’ हा प्रश्न त्यांनी चांदणी चौकात विचारला, पिरंगुटला विचारला आणि पौड येईतो मी ‘‘हो, बरीच उंच वाटते’’ असे म्हणू लागलो होतो. आग्रहापुढे मिलिमीटरांचा हिशेब टिकत नाही. शिवाय परिघ दोन टक्क्यांनी वाढल्यामुळे गाडी शंभर किलोमीटर चालली तरी मीटर अठ्ठ्याण्णवच दाखवतो, सबब मायलेज विनाकारण बदनाम होते. म्हणून मेहुणे प्रत्येक वेळी पेट्रोल भरल्यावर वहीत दोन टक्के हाताने मिळवतात. त्याच न्यायाने काट्यावरील ऐंशी म्हणजे जवळजवळ ब्याऐंशी होतात, ही बाब मात्र त्या वहीत कोठेही नमूद नाही.

हॉर्नचे दुःख वेगळेच. मुळशीच्या अलीकडे एका सायकलस्वार म्हाताऱ्यामागे त्यांनी तो प्रथम वाजवला. म्हातारा दचकला नाही; सायकल थांबवून, पाय टेकवून त्याने मागे वळून मोटारीकडे असे काही पाहिले, की नंतरचा सारा घाट मेहुण्यांनी दिवे लुकलुकवून पार केला.

ताम्हिणीत धुके दाटले आणि पिवळ्या बल्बांचे खरोखर चीज झाले, हे कबूल केले पाहिजे. पांढरा झोत धुक्यावरून उलटून डोळ्यांत शिरतो. हा खालचा पिवळा उजेड निमूटपणे रस्त्याची कड दाखवीत होता. सगळ्यांत स्वस्त वस्तू तीच होती. उलटपक्षी कव्हरांनी माणगावपर्यंत माझ्या पाठीशी इतके सख्य जोडले, की चहाला उतरताना सदरा आधी सोडवून घ्यावा लागला.

हरिहरेश्वराचे दर्शन झाल्यावर खाडीपलीकडे वेसवीला उतरावे म्हणून आम्ही बागमांडल्याच्या धक्क्यावर आलो. फेरीबोटीच्या उतरणीवर चढताना मागच्या मडफ्लॅपांनी लोखंडी फळीवर असा खरखराट केला, की मिळवलेल्या उंचीचा विषय मेहुण्यांनी तूर्त तहकूब ठेवला. बोटीवर एक टेम्पो, एक मालट्रक आणि चार-दोन मोटारी दाटल्या होत्या.

‘‘छोटी गाडी पुढे घ्या!’’ खलाशी ओरडला.

मेहुण्यांनी मोठ्या सौजन्याने स्टिअरिंग वळवून बाजूला थोडी वाट करून दिली आणि ते थांबले. खलाशी पुन्हा ओरडला. मेहुण्यांनी काच खाली करून, ‘‘जाऊ दे, जाऊ दे त्याला,’’ असा हातही केला.

‘‘दादा,’’ आमची पत्नी मागून म्हणाली, ‘‘तुलाच म्हणताहेत.’’