हातानंच!

मालवणात ‘स्टॅबिलायझर’ म्हटलं की माणसाला फ्रीज आठवतो. फ्रीजच्या डोक्यावरचा तो पत्र्याचा डबा, त्याचा थरथरता काटा आणि जूनच्या पहिल्या वाऱ्यात व्होल्टेज पडलं की आतून येणारा ‘टक्’. म्हणून विमानालाही स्टॅबिलायझर बसवतात असं मी दांडीवरच्या आउटबोर्ड मेस्त्रीला सांगितलं, तेव्हा त्याने गंभीरपणे विचारलं, “कित्याक? इमानात सुंगटां ठेवतत?”

विमान आबांचं. मुंबईत जन्म काढून गावी परतणारा चाकरमानी सोबत गोदरेजचं कपाट, जुना देव्हारा आणि नवा मधुमेह आणतो. आबांनी पायपर कब आणलं. खऱ्या विमानाच्या चौथ्या हिश्शाचं. म्हणजे पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेनऊ फूट, आणि वजन एखाद्या बऱ्यापैकी फणसाइतकं. नाकात चाळीसएक सीसीचं टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन. ते सुरू झालं की खालच्या वाडीतून हाक येते, “कोण रे गवत मारता थंय?” आबांना या हाकेचा भयंकर राग. पण हाक मारणाऱ्याचा कान पक्का आहे. मॉडेल विमानांची ही पेट्रोल इंजिनं मुळात लाकूड कापायच्या करवती आणि ग्रासकटर यांच्याच कुळातली. म्हणून तर कार्ब्युरेटरच्या दोन सुया कुठे घट्ट करायच्या आणि कुठे सैल, हे सबंध तालुक्यात आबांपेक्षा मेस्त्रीला जास्त कळतं. तो सुईला हात लावण्याआधी फक्त कान देतो.

आबा ज्या जातीचे आहेत ती जात तुम्ही पाहिलेली आहे. हे लोक सगळं ‘हातानंच’ करतात. हिशेब तोंडी, दाढी वस्तऱ्याने, गाडी गिअरची. माशाच्या कढीचं वाटप पाट्यावरचंच हवं. “मिक्सरचं वाटप जिभेला लगेच कळतं,” असं म्हणत आबा तिसऱ्यांदा कढी घेतात आणि आतल्या खोलीत काकी मिक्सरचं भांडं पदराआड धरून विसळतात. वीस वर्षांत आबांच्या जिभेला काही कळलेलं नाही.

विमान त्यांच्या हाताला लागलं ते एनसीसीच्या हवाई शाखेत. तेव्हा रिमोट वगैरे काही नव्हतं. दोन तारा हातात, दुसऱ्या टोकाला कलकत्त्याच्या ‘अरोरा’चं चिमुकलं डिझेल इंजिन लावलेलं विमान, आणि आपण मध्ये उभं राहून घाण्याच्या बैलासारखं गरगर फिरायचं. “चक्कर यायची, पण विमान बोटांत असायचं,” असं सांगताना आबा बोटं अशी दाखवतात की जणू अजून त्यांना तारेचा व्रण आहे.

आणि जायरो, म्हणजे विमानाचा तो स्टॅबिलायझर, हा या बोटांचा अपमान. आगपेटीएवढी ती डबी विमानाच्या पोटात चिकटवायची. आतल्या चिपला विमान कोणत्या बाजूला किती वेगाने कलंडतंय हे डोळ्याच्या कितीतरी आधी कळतं आणि ती उलट दिशेने पंखांमागच्या फळ्या हलवून मोकळी होते. वाऱ्याने उजवा पंख खाली दाबला की उजवी फळी खाली, डावी वर. कलंडणं तिथेच थांबतं. पण ती डबी म्हणजे चालक नव्हे. धावपट्टी कुठे आहे हे तिला ठाऊक नसतं. वेग फार मंदावून विमान पडायला आलं, तर ती पडत्या पंखाची फळी अजून खाली दाबून पडायला हातभारही लावते. आबांच्या व्याख्यानात एवढाच शेवटचा भाग यायचा.

मी एकदा स्पेरी काढला. १८ जून १९१४, पॅरिसजवळ सीन नदीवर लॉरेन्स स्पेरीने जायरो लावलेली उडती नौका परीक्षकांसमोरून नेली. त्याचा मेकॅनिक पंखावर चालत गेला, आणि याने सुकाणू सोडून दोन्ही हात वर केले. विमान सरळच्या सरळ. पहिलं बक्षीस!

“हात वर केले ना?” आबा म्हणाले. “त्याला मराठीत शरणागती म्हणतात.” मग त्यांनी चौपाटीवर विमान उडवलं असं सांगतात ते तळपदे काढले. १८९५ साली त्यांना कुठे जायरो लागला होता? ते विमान उडाल्याचा पुरावा काय, असं विचारल्यावर माझ्यावर आठवडाभर बहिष्कार पडला. त्या आठवड्यात विमानाचे पंख कोणी वाहिले, कोण जाणे. एरवी ते काम माझ्याकडे असतं.

तर विमान उडवायची जागा, म्हणजे सडा. आधी आम्ही पारुळ्याकडच्या कातळावर उडवायचो. ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपीच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि जिल्ह्याला विमानतळ मिळाला त्या दिवशी आमचा गेला. ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतच्या हौशी मॉडेलला बरीच सवलत आहे, पण विमानतळाच्या शेजारात नाही. तेव्हापासून टेम्पोत विमान घालून आचऱ्यापलीकडच्या सड्यावर जातो. तिथली मोकळी पट्टी दक्षिणोत्तर. पहाटेचा मतलई वारा गरीब असतो, पण दहा-अकराला खारा वारा समुद्रावरून चढला की पट्टीला थेट आडवा. वर पंख, मागे चाक आणि अंगाने पतंग असलेल्या कबला आडवा वारा म्हणजे साक्षात मामेसासरे. दोन वर्षं आबांचं विमान एका उड्डाणात तीनदा उतरायचं.

मग एका गणपतीनंतर ते एकदम बदामाच्या पानासारखं अलगद टेकायला लागलं. “बोटं मोकळी झाली,” आबा म्हणाले. रिमोटवरच्या एका खटक्याला मात्र काळी चिकटपट्टी आली होती. विचारलं तर म्हणाले, “तो दिव्यांचा.” विमानाला दिवा नव्हता.

डिसेंबरात विमान वरून खाली वेगाने येताना त्याची शेपटी दशावतारातल्या संकासुरासारखी लटलटू लागली. हे लक्षण पुस्तकी आहे. जायरोचा ‘गेन’, म्हणजे त्याची हुशारी, जास्त ठेवली की तो वेगात गरजेपेक्षा जास्त दुरुस्ती करतो, मग त्या दुरुस्तीची दुरुस्ती करतो. मी आबांकडे पाहिलं. आबांनी रिमोट खाली घेतला आणि जड आवाजात म्हणाले, “हात थरथरला रे.”

घरी काकींनी हे ऐकलं आणि घाबरून त्यांना कुडाळला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी हात पुढे करायला लावले, त्यावर कागद ठेवला, डोळे मिटायला लावले, नाकाला बोट लावायला लावलं. हात जांभ्या दगडासारखे. तरी आबांनी एक रक्त तपासणी आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या निमूट पत्करल्या. गोळ्या संपल्या, तोवर खटक्याशेजारची गोल कळ थोडी डावीकडे वळली होती आणि शेपटी शांत होती. “औषधाला गुण आहे,” काकी म्हणाल्या.

शिमग्याआधीच्या रविवारी पंखाला नवं कापड चढवून विमान सड्यावर आणलं. नारळ ठेवला. मेस्त्रीने गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, आज ह्यां आबांचा इमान वर जातला, तां काजीच्या झाडार न अडाकता, खाऱ्या वाऱ्यान न भरकाटता, परत ह्याच सड्यार सुखरूप हाडून घाल रे म्हाराजा!” टेम्पोवाल्यासकट आम्ही सगळे “व्हय म्हाराजा!”

पंखाचं टोक मेस्त्रीच्या मुलाने धरलं होतं. नमस्काराला तो वाकला, पंख वाकला, आणि मागची फळी हळूच खाली गेली. मुलाने पंख वर केला. फळी वर. पुन्हा खाली. पुन्हा वर. आबांचा रिमोट दगडावर होता आणि आबांचे दोन्ही हात जोडलेले होते.

“आजोबानू, ह्यां आपसूक हालता!”

“वारो लागता,” आबा म्हणाले. सड्यावर गवताची काडी हलत नव्हती.

मेस्त्री पुढे आला. त्याने पोटाचं झाकण काढून आत डोकावलं. फोमच्या पट्टीवर चिकटवलेली काळी डबी, तिच्यावर लुकलुकणारा ठिपक्याएवढा दिवा. त्याने डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग अतिशय आदराने आबांना विचारलं, “फ्रीजाचो काडून लावलात?”

आबांनी समुद्राकडे पाहिलं. खारा वारा यायला अजून तासभर होता. तेवढ्या वेळात स्पेरी, चिप, गेन, सगळं समजावता आलं असतं.

“होय,” आबा म्हणाले. “घराकडचोच. आता पंखो मार. आणि हातानंच मार हां.”