जास्तीचा गेन

मराठी माणसाला कमी मिळालं तर राग येतो आणि जास्त मिळालं तर घाम फुटतो. वाण्याने चुकून पाचशेची नोट जास्त परत दिली, तर आपण ती आधी उजेडात धरून बघतो. परवा आमच्या लॅबमध्ये ऑप-अँपच्या एका इव्हॅल्युएशन बोर्डाने सगळ्यांना असाच घाम फोडला. बोर्डावर गेन ठरवणारे दोन रेझिस्टर, दोन्ही ४९९ ओहमचे. म्हणजे एक अधिक एक, गेन दोन. एक व्होल्ट आत घाला, दोन बाहेर घ्या. स्कोपवर मात्र चक्क चार!

'गेन येत नाही' ही तक्रार घेऊन जा, लोक हळहळतात. 'गेन जास्त येतोय' म्हणा, लोक तुमच्याकडेच संशयाने बघतात. तरी मतं द्यायला मागे कोण राहतो? सीनिअर म्हणाले, "आयसी उडालाय." बंद पडलेल्या लिफ्टलाही त्यांचं निदान हेच असतं. दुसरे म्हणाले, "ऑसिलेट होतंय, ग्राउंड बघ." स्क्रीनवरची साइन वेव्ह इतकी गुळगुळीत होती, की तिलाच वाईट वाटलं असावं. तिसऱ्याने प्रोबचा टेन-एक्सचा खटका तपासायला सांगितला. प्रश्न रास्त, पण प्रोब चुकतो तो दहापटीने. आरएमएस आणि पीक-टू-पीकची गल्लत झाली तर साइन वेव्हला २.८३ चा फरक पडतो. नेमक्या दुपटीचे संशयित वेगळे. आणि बिघडलेला ऑप-अँप असा हिशेबाने बिघडत नाही, तो सहसा सरळ सप्लायला जाऊन चिकटतो.

पण संशयिताला अटक झाल्याशिवाय तपास चाललाय असं वाटत नाही. हॉट एअर गन निघाली, आयसी उतरला, नवा बसला. पुन्हा चार. "लॉटच खराब आहे," सीनिअर म्हणाले.

या मंडळींना हॅरॉल्ड ब्लॅक भेटायला हवा होता. १९२७ साली कामावर जाताना, हडसन नदीवरच्या फेरीबोटीत त्याला निगेटिव्ह फीडबॅक सुचला आणि त्याने हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच आकृती काढली. कल्पना उधळ्याची वाटावी अशी: आधी गेन भरमसाट करायचा आणि मग त्यातला बहुतेक टाकून द्यायचा. उरतो तो रेझिस्टरांच्या गुणोत्तराच्या धाकात राहतो. पेटंट मिळायला नऊ वर्षांहून जास्त लागली, यात नवल नाही. आतल्या चिपचा मूळ गेन लाख असो की दोन लाख, बाहेर दोनच दिसणार. म्हणजे त्या बिचाऱ्या आयसीला गुन्हा करायची सोयच नव्हती.

अखेर ट्रेनी मुलीने प्रोब उचलून बोर्डाच्या इनपुटला लावला. तिथे दोन व्होल्ट. तोवर इनपुट कोणीच मोजलं नव्हतं. फंक्शन जनरेटरच्या स्क्रीनवर १.००० लिहिलेलं, पॉइंटपुढच्या तीन शून्यांवर अविश्वास दाखवायची कोणाची छाती? पण जनरेटरच्या पोटात ५० ओहम असतात, आणि बाहेरही ५० असणारच असं तो गृहीत धरतो. निम्मं आत जाणार या हिशेबाने तो तयार करतो दोन आणि दाखवतो एक. आमच्या बोर्डावर कनेक्टरशेजारी ४९.९ ओहमच्या रेझिस्टरची जागा होती, रेझिस्टर नव्हता. नुसते दोन चकचकीत पॅड. सर्किटच्या नकाशात त्याच्यापुढे बारीक अक्षरांत 'बसवू नये' अशी सूचना. ऑप-अँपचं इनपुट करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे दोनचे दोन व्होल्ट सुखरूप पोचले आणि त्याने इमानाने चार करून दिले.

जनरेटरच्या मेनूत लोड 'हाय-झी' केला असता तरी आकडे जुळले असते. पण सीनिअरांना हातात काहीतरी गरम हवंच होतं. स्टोअरमध्ये ४९.९ चा रेझिस्टर नव्हता, म्हणून शंभर ओहमचे दोन एकावर एक चढवून त्यांनी सोल्डर केले. स्कोपवर दोन आले.

तेवढ्यात साहेब आले. त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी त्या चढवलेल्या जोडीकडे चष्मा वर करून पाहिलं.

"म्हणजे आधी चार येत होते, आणि आता दोनच येतात?"

"हो, सर."

"आणि याला तुम्ही दुरुस्ती म्हणताय?"