बेंगलोरवाले

दौलताबादच्या आसपास राहणाऱ्या माणसाला लांबून बिऱ्हाड घेऊन येणाऱ्यांचं फारसं अप्रूप उरलेलं नाही. १३२७ साली महंमद तुघलकानं आख्खी दिल्ली उचलून इथं आणायचं मनावर घेतलं. काही वर्षांत बेत फिरला आणि मंडळी आल्या वाटेनं परत निघाली. त्या लष्करासोबत आला असं सांगतात तो नान खलिया हा पदार्थ तेवढा इथं टिकला. त्यामुळं या पट्ट्यात कुणी सामानसुमान घेऊन उतरलं की पारावरची मंडळी आधी एकच बघतात: ट्रक रिकामा करून सोडून दिला, की ड्रायव्हरचा नंबर लिहून घेतला?

खुलताबाद तालुक्यातल्या आमच्या गावात बेंगलोरवाले उतरले, तेव्हा त्यांनी नंबर लिहून घेतला होता.

त्यांना खरं आडनाव आहे. सातबाऱ्यावर आजोबांच्या पश्चात वारसांची जी रांग लागली आहे, तीत मागून तिसरं त्यांचंच नाव. पण गावानं त्यांना ‘बेंगलोरवाले’ करून टाकलं आणि विषय मिटवला. असं एखादं घर आता पुष्कळ गावांत सापडतं, कुठं पुणेवाले तर कुठं दुबईवाले. तेव्हा इथं जे लिहिलंय ते थोडं थोडं सगळ्यांकडून उचललेलं आहे, एकट्यानं कुणी अंगाला लावून घेऊ नये.

साहेब चाळिशीतले. बेंगलोरला संगणकाच्या कंपनीत होते आणि अजूनही आहेत. माणूस इथं, नोकरी तिथं. पारावर हे कुणाला पटत नाही. दिवसभर घरी बसून पगार घेणारा माणूस आमच्या पाहण्यात एकच असतो, तो म्हणजे सस्पेंड झालेला. त्यामुळं पहिले काही महिने गावानं त्यांना फार सांभाळून घेतलं. नोकरीचा विषय काढायचा नाही, असं बायकांनी नवऱ्यांना बजावलं होतं.

रोज सकाळी वाळूजच्या कंपनीची बस फाट्यावर येते आणि गावातली पोरं घेऊन जाते. नेमके त्याच वेळी साहेब चपला हातात घेऊन, मातीचा स्पर्श घेत फिरायला निघायचे. बसच्या खिडकीतून पोरं त्यांच्याकडं बघायची आणि ते पोरांकडं. पोरांना शेत सोडून कंपनी धरायची होती, साहेबांना कंपनी सोडून शेत. आणि समोरच्याचं डोकं फिरलंय याबद्दल दोन्ही बाजूंना खात्री होती. अनवाणी फिरणं मात्र आठवडाभरात थांबलं. ते काम सराट्याच्या काट्यांनी केलं. गावाला बोलावं लागलं नाही.

गावाला खरा धक्का दिला तो घरानं. बेंगलोरवाले आता बंगला बांधणार आणि आपल्याला मिस्त्रीकाम मिळणार, या हिशेबानं चार जणांनी थाप्या धुऊन ठेवल्या होत्या. तर पुण्याहून एक आर्किटेक्ट आला आणि म्हणाला, मातीचं घर बांधायचंय. वर पुन्हा पांढऱ्या मातीची चौकशी. गावात ज्यांनी ज्यांनी जुनं माळवद पाडून स्लॅब टाकला होता, त्यांच्या दारात जाऊन साहेब विचारू लागले, ‘तुमच्या जुन्या घराची कडीपाटाची लाकडं आहेत का शिल्लक?’ होती की! गोठ्याला लावलेली होती. ती दुप्पट भावानं गेली आणि गोठ्यांना पत्रे आले. गावातल्या जनावरांची राहणी त्या वर्षी एकदम सुधारली.

शेजारच्या मावशींचं घरकुल बऱ्याच खेट्यांनंतर मंजूर होऊन नुकतंच पुरं झालं होतं. वहिनी त्यांच्याकडं गेल्या. वहिनी म्हणजे साहेबांच्या मिसेस, अतिशय गोड बाई, बोलताना समोरच्याचा हात धरतात. त्यांनी मावशींचा हात धरला आणि म्हणाल्या, ‘मावशी, मला शेणानं सारवायला शिकवाल का?’

मावशींनी आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या पायाखालच्या कोऱ्या फरशीकडं.

‘मपला जन्म सारवण्यात गेला बाई,’ त्या म्हणाल्या. ‘आता कुठं फरशी पुसायला शिकले. ते शिकायचं आसंल तर ये.’

तरी शिकवलं मावशींनी. शिकवताना मात्र ओसरीच्या कट्ट्यावर बसून, हाताला शेण न लावता, एखाद्या मुकादमासारखं. पुढं वहिनींनी चूल घातली तेव्हा तर गल्लीतल्या पोरीबाळी बघायला आल्या. उज्ज्वलाच्या सिलिंडरवर वाढलेल्या त्या पोरी. ‘धूर डोळ्यांत जात नाही का ओ काकू?’ असं त्यांनीच वहिनींना काळजीनं विचारलं.

या घरातलं एकच माणूस गावाला पहिल्या दिवसापासून कळलं, ते म्हणजे साहेबांच्या आई. आज्जी याच गावात नांदायला आल्या होत्या. नवऱ्याला पुण्यात नोकरी लागली तेव्हा पत्र्याची पेटी घेऊन बाहेर पडल्या, त्या इथं पुन्हा राहायला यायचं नाही असं ठरवूनच. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी खडी फोडलेली आहे, कामावर वाटलेली सुकडी खाल्लेली आहे. मुलानं जेव्हा सांगितलं की आता आपण गावाकडं साधं जगायचं, तेव्हा त्यांनी विचारलं, ‘कोणाच्या जिवावर?’ हा प्रश्न घरात अजून निकालात निघालेला नाही.

आज्जींनी येताना तीन अटी घातल्या. गॅस हलवायचा नाही. माळवद जड करायचं नाही, कारण १९९३ च्या भूकंपात किल्लारीत माणसं मातीच्या छपराखालीच दबली, हे त्या विसरलेल्या नाहीत. आणि संडास घरातच पाहिजे. आर्किटेक्टच्या नकाशात तो ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ म्हणून पेरूच्या झाडांपलीकडं काढला होता. आज्जी म्हणाल्या, ‘निसर्गाच्या सान्निध्यात मी वीस वर्षं तांब्या घेऊन गेलेय. त्याला विचार, तो किती दिवस गेलाय.’ नकाशा बदलला.

एकदा वहिनींनी बाजरीचं पीठ, गूळ, तीळ असं काहीबाही एकत्र करून भट्टीत भाजलं आणि मोठ्या कौतुकानं सासूबाईंच्या पुढं ठेवलं. आज्जींनी तुकडा मोडला, चावला, बराच वेळ चावला.

‘सुकडीच की गं ही,’ त्या म्हणाल्या. ‘आम्हाला सरकारनं फुकट दिली होती.’

शेतीतलं काय सांगावं! आमच्या भागात सध्या अद्रकीचा जोर. बेड पाडायचे, ठिबक अंथरायचं, उन्हाळ्यात लावायची. भाव पडला तर काढायचीच नाही, जमिनीतच ठेवायची आणि पुढच्या भावाची वाट बघत बसायची. ही युक्ती साहेबांना फार आवडली. त्यांच्या कंपनीच्या शेअर्सचंही ते असंच करत आले होते म्हणे. फरक इतकाच की शेअरला कंदकूज लागत नाही. ती लागली तेव्हा ते जिवामृताचा ड्रम ढवळत होते आणि तात्या बांधावरून ओरडत होते, ‘साहेब, आधी वाफ्यातलं पाणी काढा, मग ढवळा काय ढवळायचं ते!’

तात्या म्हणजे बांधाला बांध लागून असलेले शेजारी. त्यांचा उल्लेख पुढं यायचाच आहे.

शेतीच्या फीडरची थ्री फेज लाईट आमच्याकडं एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. साहेबांनी याचं रंगीत वेळापत्रक तयार करून भिंतीला लावलं. वायरमन सहज आला होता. त्यानं ते डोळे भरून पाहिलं आणि म्हणाला, ‘भारी केलंय. मलापण एक द्या ना.’ मग साहेबांनी फोनवरून मोटार चालू करायची यंत्रणा स्वतः बनवायला घेतली. महिनाभर तारा, चिप आणि रात्रीची जागरणं चालली. शेवटी ती दाखवायला तात्यांना बोलावलं. तात्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, बंडीच्या खिशातून आपला बटणाचा फोन काढला आणि एक रिंग दिली. पलीकडं त्यांच्या विहिरीवर मोटार घरघरायला लागली. मोबाईल ऑटो गावात येऊन जुना झाला होता.

पण या माणसाचा उपयोग काय, हे गावाला लवकरच उमगलं. ई-पीक पाहणी, किसान सन्मानचं केवायसी, फार्मर आयडी, पोराच्या ॲडमिशनचा फॉर्म. सकाळी नऊपासून ओसरीवर रांग. साधं, निवांत जगणं शोधत हजारेक किलोमीटर आलेला माणूस दिवसभर म्हाताऱ्या माणसांना विचारत बसतो, ‘ओटीपी आला का काका?’ मोबदला म्हणून शेपू येतो, वांगी येतात, हंगामात सीताफळं येतात. साहेब मित्रांना फोनवर सांगतात की इथं अजून पैशाविना व्यवहार चालतात. आज्जी आतून म्हणतात, ‘फुकट राबतो म्हण.’

मुलांचं सांगायला नको. धाकटा तीन महिन्यांत ‘मपलं-तुपलं’ करायला लागला. बदल्यात जिल्हा परिषदेच्या शाळेतली आख्खी तिसरी आता क्रिकेटच्या धावा ओंदु, येरडु, मूरु अशा कानडीत मोजते. अंपायरची पंचाईत होते, पण तो चौथीतला आहे.

पाहुण्यांचा मात्र त्रास झाला. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग मुंबईपर्यंत पुरा झाला आणि ‘माळीवाड्याला उतरलो की आलोच’ असं म्हणणारे मित्र वाढले. थंडीत हुरड्याला तर गाड्यांची रांग. साहेबांनी ज्वारी पेरलेलीच नव्हती, त्यामुळं हुरडा तात्यांच्या शेतातून विकत यायचा आणि ‘आमच्या रानातला’ म्हणून खाल्ला जायचा. पाहुण्यांना बैलासोबत फोटो हवा असायचा. तात्यांकडं ट्रॅक्टर. मग तात्या वरच्या आळीतून बैलजोडी उसनी आणून उभी करायचे. त्याचं भाडं ते हुरड्यात धरायचे.

पहिल्या उन्हाळ्यात हे परत जाणार, याबद्दल पारावर दुमत नव्हतं. पैजा लागल्या त्या महिन्यावरून. कुणी एप्रिल म्हणत होतं, कुणी मे. विहीर आटली, टँकर सुरू झाला. पण आज्जींनी संक्रांतीलाच मुलाच्या मागं लागून मोठी टाकी बसवून घेतली होती, आणि टँकर आला की दोन हंडे घेऊन सगळ्यांत पुढं त्याच उभ्या. बायकांच्या त्या गर्दीत त्यांनी नळी ज्या हातानं धरली, ते पाहून जुन्या बायका म्हणाल्या, ही विसरली नाही काही. मे सरला. पैजेचे पैसे कुणीच कुणाला दिले नाहीत.

तरीही गावाचा जीव शंकेत होता, आणि त्याला कारण होतं बांध. तात्यांनी पहिल्याच वर्षी नांगरताना दोन्ही शेतांमधला बांध एक तास कोरला. रीतच आहे ती. कोरायचा, समोरच्यानं बोंबलायचं, मग दोघांनी मिळून चार माणसं जमवायची. साहेब हसून म्हणाले, ‘असू दे हो तात्या, जमीन काय कुणाची असते!’ तात्यांना त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी दोन तास कोरला. साहेबांनी चहा पाजला. तात्या पारावर हताशपणे म्हणाले, ‘हा राहत नाही. ज्याला राहायचंय तो बांध सोडत नाही.’

तिसऱ्या वर्षी मृगाच्या तोंडाला तात्यांचा ट्रॅक्टर बांधावरच्या केशर आंब्याच्या रोपांना घासून गेला. ती रोपं साहेबांनी टँकरच्या पाण्यावर जगवली होती, भांडी धुतलेलं पाणी तांब्यातांब्यानं घालून. साहेब लॅपटॉप उघडा टाकून, मीटिंग चालू ठेवून पळत आले. बेंगलोरच्या आख्ख्या टीमनं पुढचा अर्धा तास आमच्या शिवारातली मराठी ऐकली.

‘ओ तात्या! डोळे फुटले का? बापजाद्यांची जमीन आहे ही मपली!’

‘तू मला शिकवतो का रे कालचं पोरगं?’ तात्या ट्रॅक्टरवरून गरजले. तीन वर्षांत पहिल्यांदा ‘साहेब’ गळालं होतं आणि ‘तू’ आलं होतं. ‘मोजणी आण! आण मोजणी!’

‘आणतोच!’

मोजणीचा अर्ज ऑनलाईन भरता येतो, हे गावात सगळ्यांत आधी साहेबांनाच ठाऊक. चार जणांचे तर त्यांनीच भरून दिले होते. पण भूमी अभिलेखच्या ऑफिसात स्वतः जाऊन विचारल्याशिवाय भांडणाला वजन येत नाही, असं आज्जींचं मत पडलं. गाडी वहिनी शहरात घेऊन गेलेल्या. फाट्यावर जीप नाही. शेवटी साहेब कागदांची पिशवी काखेत मारून तात्यांच्याच मोटारसायकलवर मागं बसले आणि तात्यांच्या विरोधात मोजणी टाकायला दोघं मिळून खुलताबादला गेले. वाटेत भद्रा मारुतीपाशी उतरून दोघांनी नारळ फोडला, प्रत्येकानं आपापला. येताना फाट्यावर भजी खाल्ली, आणि पैसे कुणी द्यायचे यावरून तिथं पुन्हा जुंपली.