भिंतीवरचं विरजण

आमच्या शाहूनगरात गप्पांची वेळ नळाला बांधलेली आहे. 2019 च्या नोव्हेंबरपासून चिंचवडला पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून गप्पाही एक दिवसाआड. इकडे माझं पिंप भरतंय, तिकडे काकूंचं. मधे छातीएवढी कंपाऊंडची भिंत, तिच्यावर काकूंची कोरफड आणि माझी कोपरं.

त्या दिवशी नळ सोडायच्या आधीच मी हाक मारली. "काकू, आमच्या टाकीच्या काचेला कुणीतरी साबुदाणा चिकटवलाय!"

"वरच्या टाकीला? तिला कुठली काच?"

"अहो, माशांच्या टाकीला."

काकूंनी हातातला पाइप पिंपात सोडला. "साबुदाण्याएवढा की मोहरीएवढा?"

"मोहरीएवढा."

"अगं बाई, मग कोऱ्यांनी अंडी घातली तुझ्या!"

काकांची सगळी नोकरी टूलरूममध्ये गेली, काकूंची जिन्याखालच्या पाच टाक्यांत. कोरी म्हणजे कोरिडोरस, तळाशी नाक खुपसत हिंडणारा मिशीवाला छोटा मासा. "आपल्या पवनेतल्या शिंगाळ्याच्या लांबच्या नात्यातली," काकू म्हणतात, "फक्त माहेर दक्षिण अमेरिकेत." माझ्याकडची ठिपक्यांची जात तर खानदानी. डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत हे मासे गोळा केले आणि 1842 मध्ये जेनिन्स नावाच्या पाद्र्याने त्यांचं शास्त्रीय नामकरण केलं. हे काकू अशा सुरात सांगतात की जणू बारशाला त्या हजर होत्या.

"पण आत्ताच कशी घातली?"

"परवा वळीव पडला. पाणी कधी बदललंस?"

"त्याच संध्याकाळी. बादलीभर गार पाणी ओतलं, थेट नळाचं."

"थेट नळाचं? नशीब तुझं! पण त्यांना वाटलं, आला पावसाळा, आता पोरंबाळं होऊ द्यावीत." मग काकूंनी मागे बघितलं, काका पेपरात आहेत याची खात्री केली आणि आवाज उतरवला. मी भिंतीला चिकटले. "अंडी घालायच्या आधी ती नराच्या पोटाशी तोंड लावते. दोघं मिळून इंग्रजी टी काढतात बघ. 1995 मध्ये जपानी संशोधकांनी शोधून काढलं, ती त्याचं वीर्य चक्क पिते. आतड्यातून ते सरळ खाली, पोटाखालच्या परांच्या ओंजळीत धरलेल्या अंड्यांवर."

"इश्श, काकू!"

"इश्श काय? शास्त्र आहे."

"ऐकतोय मी," पेपराआडून आवाज आला.

काकूंनी लगेच विषय बाळंतिणीच्या खोलीवर नेला. आईबाप स्वतःचीच अंडी गट्टम करतात, म्हणून आधी अंडी हलवायची. जुनं एटीएम कार्ड काचेवरून अलगद सरकवायचं, किंवा ओल्या बोटाने लाटल्यासारखं करायचं. अंड्याचं कवच दणकट असतं, घाबरायचं नाही. श्रीखंडाच्या मोठ्या डब्यात त्याच टाकीतलं पाणी, हवेचा एक मंद बुडबुडा आणि मिथिलीन ब्लूचे थेंब, पाणी नीळ दिलेल्या धोतरासारखं फिकट दिसेपर्यंत. पांढरं पडून कापूस फुटलेलं अंडं दिसलं की लगेच काढायचं, नाहीतर बुरशी शेजारच्याला लागते.

मी मोजली, 84 अंडी. त्यातली 22 पांढरी पडली. चौथ्या दिवशी सकाळी डब्याच्या तळाशी जिऱ्याएवढं काहीतरी वळवळलं. भिंग लावलं तर दोन काळे डोळे, पारदर्शक शेपटी आणि पोटाला पिवळी फुगीर पिशवी. मी धावत भिंतीशी. "काकू, 55! काय घालू खायला?"

"काही नाही."

"उपाशी ठेवू?"

"शिदोरी घेऊन आलीत ती. पोटाची पिवळी पिशवी संपायला दोनेक दिवस लागतील. तोवर हात मागे बांधून बस."

पण हात मागे बांधणं मला जमलं असतं तर काय हवं होतं! दुसऱ्या रात्री राहवलं नाही. उकडलेल्या अंड्याचा बलक मलमलच्या फडक्यातून पिळला आणि चांगले चार थेंब सोडले. सकाळी पाणी ताकासारखं. नऊ पिल्लं उताणी. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं, तरी मी भिंतीशी गेले. काकूंनी चेहऱ्यावरूनच ओळखलं. रागावल्या नाहीत. "एक दिवस भुकेनं कुणी मरत नाही गं. घाणीनं मात्र रात्रीत जातात. तू त्यांना नाही वाढलंस, पाण्याला वाढलंस."

मग आत गेल्या आणि झाकणाला भोकं पाडलेली एक डबी भिंतीवर ठेवली. "विरजण."

आमच्यात विरजणाची देवघेव जुनी. माझं दही बिघडलं की काकूंची वाटी, त्यांचं आंबट झालं की माझी. पण ह्या डबीत दही नव्हतं, मायक्रोवर्म होते. दोरा कातरावा तसे पांढरे, बारीक, नजर बसल्याशिवाय न दिसणारे किडे. "ओट्सची घट्ट लापशी कर, गार होऊ दे, चिमूटभर यीस्ट भुरभुर आणि वर हे चमचाभर लाव. चार दिवसांत डबीच्या भिंतीवर चढायला लागतील. बोटाने पुसून घ्यायचे, पाण्यात बोट बुडवायचं, झालं. हे तळाशी जातात आणि तिथं काही तास जिवंत राहतात. आपली पिल्लं तळाशीच जेवणारी. पंगत बसल्या जागी मिळते."

डबी मी ओट्यावर ठेवली. रात्री बाराला आमचे हे चाकणहून सेकंड शिफ्ट करून आले. ताट झाकलेलं होतंच, पण यांनी आधी डबी उघडली. "लापशी जरा आंबलीय का गं?" चमचा तोंडापाशी पोचायच्या आत मी पोचले. तेव्हापासून डबीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे : माशांचं.

दुसरा पदार्थ काकांच्या खात्यातला. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली उलटी टांगून बूड कापलेलं. आत लिटरभर पाणी, काट्यावर तोललेलं 25 ग्रॅम खडेमीठ, पाव चमचा आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या कोळंबीची, अंडी आणि खालून जोरात हवा. दिवसभराने हवा बंद करून खाली टॉर्च धरायचा. रिकामी टरफलं वर तरंगतात आणि नारिंगी ठिपक्यांचा जिवंत ढग उजेडाकडे खाली जमतो. तो नळीने फडक्यावर घ्यायचा, खारं पाणी धुऊन टाकायचं आणि ड्रॉपरने पिल्लांसमोर. पंधरा मिनिटांत पिल्लांची पोटं नारिंगी. पारदर्शक अंगातून जेवण दिसतं, त्यामुळे कोण जेवलं, कोण राहिलं, विचारावं लागत नाही.

"किती वेळा द्यायचं?"

"तीन शिफ्टमध्ये," काका म्हणाले. "फर्स्ट, सेकंड, थर्ड. दर वेळी थोडं. आणि शिफ्ट सुटली की मशीन पुसायचं."

मशीन पुसणं म्हणजे तळ. तळावर बुळबुळीत थर बसला की पिल्लांच्या पोटाला आणि मिशांना तो लागतो आणि मिशा झिजतात. पातळ नळीने उष्टं ओढून घ्यायचं, नळीच्या तोंडाशी पिल्लू येत नाही ना ते बघत. फिल्टर स्पंजचाच हवा, मोठा फिल्टर पिल्लांना आत खेचतो. पाणी वीतभरच ठेवायचं, कारण कोऱ्या मधूनच वर झेप घेऊन हवेचा घोट गिळतात, आतड्यातून श्वास घेतात. आणि रोज चौथा हिस्सा पाणी बदलायचं.

"रोज?" मी म्हणाले. "इथं माणसांना एक दिवसाआड!"

काकू हसल्या. "तेच तर आपलं भाग्य. नळाच्या ताज्या पाण्यात क्लोरीन असतो. पिंपात उघडं राहिलं की उडून जातो, आणि पाणी घराच्या तापमानाला येतं. आपल्याकडे पाणी शिळंच असतं. आपल्याला शिळं ते त्यांना मानवतं. अन् काढलेलं पाणी मोगऱ्याला घाल."

इतकी वर्षं ज्या पिंपांना शिव्या दिल्या, त्यांच्याकडे मी त्या दिवशी जरा आदराने पाहिलं. मोगऱ्यानेही त्या महिन्यात काटकसर केली नाही.

एक गुरुवार मात्र भारी गेला. गुरुवारी आमच्याकडे एमआयडीसीला सुट्टी, तशी लाइटलाही. हवेचा पंप बंद पडला. मी दोन तास मगाने पाणी उचलून वरून ओतत बसले, तेव्हा भिंतीवरून बॅटरीवरचा पंप आला. "सांगायचं तरी!" काकू म्हणाल्या. "माझ्याकडे दोन आहेत."

महिन्याभरात जिऱ्याची पिल्लं तांदळाच्या दाण्याहून मोठी झाली, अंगावर ठिपके आले, मिशा लांबल्या. दोन महिन्यांनी मोजली तर 31. एवढी ठेवणार कुठं? हे म्हणाले, "मोरया गोसावींच्या घाटावर नदीत सोडून येऊ, पुण्य लागेल."

भिंतीपलीकडून तवा आपटल्याचा आवाज आला. "खबरदार! परदेशी मासा नदीत सोडणं हे पुण्य नाही. टाकी साफ करणारा म्हणून आणलेला सकर लोकांनी असाच सोडला, आज देशातल्या कितीतरी नद्यातळ्यांत तो माजलाय. थाई मागूरवर 2000 सालीच बंदी आली, ती काय उगीच?"

मग पिल्लं पिशव्यांतून वाटली. आठ भाचीला, सहा गल्लीच्या टोकाच्या पोरांना, दहा काकूंना बाळंतविडा म्हणून. सात माझ्याकडे.

परवा नळ आला. पिंप लावलं, कोपरं भिंतीवर टेकली. काकू जरा चाचरतच आल्या, पदराखाली रिकामी डबी.

"आमचे किडे मेले गं. पावसाळी हवेत लापशी पार आंबली, नवी लावायची राहून गेली. जिन्याखाली परवा शंभर अंडी फुटलीत. तुझ्याकडे असेल का चमचाभर?"

मी आत जाऊन डबी आणली. दोन चमचे दिले. तेवढ्यात माझं पिंप भरून वाहू लागलं.