आमची पाणबुडी वाळूत रुतवणाऱ्या नॅव्हिगेटरला खुले पत्र

मित्रा,

तुझं नाव इथे लिहीत नाही. आदिलाबादच्या आपल्या टोळक्यात ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि बाहेरच्यांनी तुला तुझ्या करणीवरून ओळखावं हेच बरं. ब्रिटिश नौदलाच्या दोन विनाशिका रात्रभर आपल्या मागावर होत्या. त्यांनी डेप्थ चार्ज टाकले, आपण दिशा बदलली, इंजिनाचा आवाज कमी केला आणि निसटलो. दोन विनाशिकांना जे जमलं नाही, ते तू एकट्याने एकही टॉर्पेडो न वापरता करून दाखवलंस. थेम्सच्या मुखाजवळ, आसपास एकही शत्रू नसताना, आपली पाणबुडी वाळूत घातलीस.

ज्यांनी 'सायलेंट हंटर ३' खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हे सगळं ज्यात घडलं तो हा संगणकावरचा खेळ २००५ सालचा. त्यात दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीवर बसून अटलांटिक आणि उत्तर समुद्रात गस्त घालायची असते. आपली पाणबुडी 'सात-सी' जातीची, ६७ मीटर लांब, आत चाळीसहून जास्त माणसं. खरा प्रवास कित्येक दिवसांचा, म्हणून खेळात वेळ पळवण्याची सोय आहे. मोकळ्या, खोल समुद्रात ती वापरायला हरकत नाही. किनाऱ्याजवळ वापरायची तर नजर नकाशावरून हलता कामा नये.

मी जेवायला उठताना पहारा तुझ्याकडे सोपवला. 'किनारा जवळ आहे, सावकाश घे,' असंही बजावलं. तू मान डोलावलीस. मग घराकडचा रस्ता जवळचा व्हावा म्हणून नकाशावर सरळ रेघ ओढलीस, वेळ ५१२ पट पळवलास आणि मोबाइल उघडलास. हिशेब तुझ्यासमोर मांडतो. ५१२ पटीने तुझं एक मिनिट म्हणजे समुद्रातले साडेआठ तास. पाण्याखाली चार नॉटच्या वेगाने त्या एका मिनिटात पाणबुडी साठ किलोमीटरांहून जास्त जाते. तू एक व्हिडिओ पाहिलास तेवढ्या वेळात ती खोल पाणी सोडून वाळूच्या दांड्यावर चढली होती. त्या भागात नकाशाचा निळा रंग फिकट होत गेलेला दिसत होता. फिकट निळा म्हणजे उथळ पाणी, हे खेळाच्या पहिल्याच दिवशी आपण सगळे शिकलो.

पाणबुडीला खिडक्या नसतात. पेरिस्कोपच्या खोलीखाली गेलं की बाहेरचं काही दिसत नाही. तळाखाली किती पाणी उरलंय हे आवाज पाठवून मोजता येतं, पण लपून बसलेल्या पाणबुडीला तो आवाज महागात पडू शकतो. म्हणून दिशा, वेग आणि वेळ यांचा हिशेब धरून आपली जागा नकाशावर मांडायची. प्रवाह पाणबुडीला बाजूला ढकलतो, म्हणजे तास जातील तशी त्या हिशेबातली चूक वाढत जाते. शहाणा नॅव्हिगेटर तेवढी जास्त जागा सोडून रेघ ओढतो. तुझी रेघ वाळूच्या दांड्यावरून गेली होती. आणि शत्रू जवळपास नव्हता, तेव्हा खोली विचारायला तुला कुणाची भीती होती? एक आज्ञा द्यायची, आकडा ऐकायचा. तू तेवढंही केलं नाहीस.

पावसाळ्यात पैनगंगा उतरवणारा नावाडी काठी टाकून पाणी अजमावतो, मगच नाव पुढे घेतो. आपला जिल्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे म्हणून समुद्राचं अज्ञान माफ होत नाही. खालचं पाणी मोजायचं असतं, हे पैनगंगेच्या काठावर राहणाऱ्याला कुणी वेगळं शिकवावं लागत नाही.

आता तुझ्या सबबींकडे येतो. पहिली सबब : 'नकाशावर इतकं उथळ दाखवलेलं नव्हतं.' ८ जानेवारी २००५ रोजी अमेरिकेची 'सॅन फ्रान्सिस्को' ही अणुपाणबुडी ग्वाम बेटाच्या आग्नेयेला भरवेगात समुद्राखालच्या डोंगरावर आदळली. एक खलाशी मरण पावला, कित्येक जखमी झाले. वापरात असलेल्या नकाशावर तो डोंगर नव्हता, हे खरं. पण त्या भागात धोका असल्याची खूण दुसऱ्या नकाशावर होती, आणि ती विचारात घेतली गेली नाही. कप्तानाला पद सोडावं लागलं. त्यांच्या नकाशावर डोंगर नव्हता तरी त्यांना माफी मिळाली नाही. तुझ्या नकाशावर तर वाळू रंगवून दाखवली होती.

दुसरी सबब : 'खेळातच बिघाड आहे.' २७ ऑक्टोबर १९८१ रोजी सोव्हिएत पाणबुडी 'एस-३६३' स्वीडनच्या कार्ल्सक्रोना या नौदल तळाजवळ खडकांवर चढली. दिशादर्शक यंत्रं बिघडली, असं त्यांनी सांगितलं. अरुंद, खडकाळ वाटेतून इतक्या आत आलेल्या पाणबुडीबद्दल हे कुणाच्या गळी उतरलं नाही. दहा दिवस ती जगासमोर तिथे अडकून पडली होती. नाचता येईना अंगण वाकडं ही सबब तेव्हा एका महासत्तेलाही तारू शकली नाही.

तिसरी सबब : 'अनोळखी पाणी होतं.' २२ ऑक्टोबर २०१० रोजी ब्रिटनची नवी कोरी 'ॲस्ट्यूट' पाणबुडी स्कॉटलंडच्या स्काय बेटाजवळ गाळात रुतली. पाणी त्यांच्याच देशाचं, आणि ज्या उथळ भागात ती रुतली तो नकाशावर नोंदलेला. ओळखीच्या पाण्यातही पहारा ढिला पडला की तळ लागतोच.

आणि शेवटची सबब, जिचा मला सगळ्यांत जास्त राग आला : 'अरे, खेळच तर आहे!' आपल्यापासून नंदीग्राम एक्स्प्रेसच्या एका प्रवासावर मुंबई आहे. जानेवारी २०१४ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत येताना 'आयएनएस सिंधुघोष' ओहोटीच्या वेळी उथळ पाण्यात सापडल्याची बातमी आली. पाणबुडीचं नुकसान झालं नाही, असं नौदलाने सांगितलं. आत येण्याआधी तळाखाली पुरेसं पाणी असेल का, हा प्रश्न खऱ्या गोदीतही भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून रोज सोडवावा लागतो. पुढच्याच महिन्यात, २६ फेब्रुवारी २०१४ रोजी, 'आयएनएस सिंधुरत्न'वर धूर पसरून दोन अधिकारी मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी अपघातांच्या मालिकेची नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. ते स्वतः त्या पाणबुडीवर नव्हते, तरी त्यांनी जबाबदारी घेतली. तू नकाशासमोर बसलेला होतास आणि दोष संगणकाला देतोस.

'खेळ आहे' म्हणूनच तो नीट खेळायला हवा. आदिलाबादच्या पोरांना समुद्र शाळेत भेटत नाही. या खेळाच्या निमित्ताने आपण नकाशा वाचायला शिकलो, नॉट म्हणजे काय, सागरी मैल किती मोठा, भरती-ओहोटी कशी येते हे शिकलो. आपल्या मागे उभी राहून बघणारी लहान पोरं तुझ्याकडूनही काहीतरी शिकतात. त्या रात्री ती काय शिकली? पहारा घ्यायचा, लक्ष द्यायचं नाही आणि विचारलं की बोट दुसऱ्याकडे दाखवायचं. वाळूत रुतलेल्या पाणबुडीपेक्षा मला या शिकवणीची चीड आहे. पाणबुडी दुसऱ्या दिवशी नव्याने मिळते, ही सवय मात्र माणूस नोकरीत, घरात आणि रस्त्यावर गाडी चालवतानाही सोबत घेऊन जातो.

किनाऱ्यावर पाणबुडी चढवण्याची तुला इतकी हौस असेल तर विशाखापट्टणमला जा. तिथे रामकृष्ण समुद्रकिनाऱ्यावर 'आयएनएस कुरसुरा' वाळूवर उभी आहे. १९६९ पासून २००१ पर्यंत नौदलात सेवा करून ती आता संग्रहालय झाली आहे. वाळूवर उभं राहण्याचा मान तिला इतक्या वर्षांच्या सेवेनंतर मिळाला. आत जा, अरुंद वाटेतून फीर, खलाशांच्या झोपायच्या फळ्या बघ. नॅव्हिगेटरने एक आकडा न विचारल्याची किंमत तिथे किती जण मोजतात, ते त्या जागेत उभं राहिल्यावर कळेल.

पुढच्या मोहिमेत तुला पुन्हा नकाशासमोर बसवणार आहे, पण तीन अटींवर. किनारा दिसू लागला की वेळ पळवायचा नाही. प्रत्येक वळणाआधी तळाखालचं पाणी मोठ्याने वाचून दाखवायचं. आणि चूक झाली तर पहिलं वाक्य 'माझी चूक' असं असलं पाहिजे. या अटी मान्य असतील तर रविवारी ये. मान्य नसतील तर खुर्ची दुसऱ्याला दे. पहारा ज्याच्याकडे आहे, जबाबदारी त्याचीच.

तुझा,
कप्तान
आदिलाबाद