शाईपेक्षा कौतुक गडद

ऑक्टोबर लागला की हौशी चित्रकारांच्या अंगात शाई संचारते. जेक पार्कर या अमेरिकी चित्रकाराने 2009 मध्ये स्वतःला सवय लागावी म्हणून ऑक्टोबरभर रोज एक शाईचित्र काढायचे ठरवले. आपल्याकडे ती सवय पहिल्या आठवड्यातच दमते. मग रविवारी मंडळी शनिवारवाड्यासमोर जमतात. पहिला तास निब, वॉटरप्रूफ शाई आणि 300 जीएसएम कागदाच्या चर्चेत जातो. दिल्ली दरवाजा वाकडा आला तर ती शैली, डाग पडला तर तिथे झाड. झाडही बिघडले तर उभ्या-आडव्या रेघांची दाट सावली! (शनिवारवाड्याला एवढी झाडी पेशव्यांनीही पाहिली नसेल.) शेवटी प्रत्येकाने प्रत्येकाला ‘काय रेघ आहे!’ म्हणायचे. म्हणा, खुशाल म्हणा. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांचे नाव तेवढे मध्ये आणू नका, ही विनंती.