डोहाळे माझ्या खात्यावर

चौथा महिना लागला आणि आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात सगळ्यांना डोहाळे लागले. मी सोडून.

सुरुवात अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी केली. "सूनबाई, तुला बाकरवडी खावीशी वाटत असेल, नाही?" वाटत नव्हती. पण मधुमेहामुळे आणि सासूबाईंमुळे ज्यांची बाकरवडी बंद आहे, त्यांचा चेहरा बघवेना. "थोडीशी," म्हटलं. अर्धा किलो आली. माझ्या वाट्याला तीन. रात्री साडेदहाला नवरा कानाशी येऊन म्हणाला, "मस्तानी हवीय ना तुला? लाजू नकोस." सासूबाईंनी तर न विचारताच सलग चार दिवस चिंचगुळाची आमटी केली. ती त्यांची माहेरची.

सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यातल्या गर्भिणीला दौहृदिनी, म्हणजे दोन हृदयांची म्हटलंय आणि तिच्या इच्छा पुरवायला सांगितलंय. अण्णा हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात. त्या दोन हृदयांत त्यांचं धरलेलं नाही, एवढंच त्यांना कोणी सांगत नाही.

शेवटी मलाही डोहाळा लागला. अंबाडीच्या भाजीचा! कण्या-शेंगदाणे घालून घोटलेली, वर लसणीची चरचरीत फोडणी, शेजारी ज्वारीची भाकरी. जाहीर करताच घरात सुतकी शांतता पसरली. "अंबाडी?" नवरा म्हणाला. शेजारच्या काकू कळवळल्या, "अगं, काहीतरी छान माग. हे दिवस परत येत नाहीत."

डॉक्टरबाई मात्र खूश झाल्या. दोन जिवांची म्हणून दुप्पट जेवायचं नसतं, रोज साडेतीनशेच कॅलरी जास्त लागतात, लोहाच्या गोळीवर चहा प्यायचा नाही, असं सगळं सांगून त्यांनी पुण्याचाच दाखला दिला. केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आहार तपासला होता. एकूण कॅलरींचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध लागला नाही. पालेभाज्या आणि फळं वरचेवर खाणाऱ्यांची बाळं मात्र अंगानं मोठी निघाली. दुधाचाही फायदा दिसला.

"दूध!" नवरा खुर्चीत सरसावला. "मस्तानी दुधाचीच असते, डॉक्टर."

दुसऱ्या दिवशी अण्णा मंडईतून घासाघीस करून अंबाडीच्या दोन जुड्या घेऊन आले. पिशवीच्या तळाशी बाकरवडी होती. "जुड्या एकट्या बऱ्या दिसेनात," म्हणाले.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. सोनोग्राफीच्या खोलीत 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' असा ठळक बोर्ड वाचून आलेल्या त्याच बायकांनी इथे माझ्यापुढे दोन वाट्या पालथ्या मांडल्या. एकीखाली पेढा म्हणजे मुलगा, दुसरीखाली बर्फी म्हणजे मुलगी. 1994 चा कायदा अजून वाटीपर्यंत पोचलेला नाही.

मी डावी वाटी उचलली. खाली काहीच नव्हतं.

काकूंच्या तोंडाचा आ झाला. सासूबाईंनी सावकाश मान वळवली. अण्णा खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचा उजवा गाल फुगला होता.

"अहो," सासूबाई कडाडल्या, "पेढा होता की बर्फी?"

अण्णांनी शांतपणे गिळलं.

"ते सांगणं," ते म्हणाले, "कायद्यानं गुन्हा आहे."